शेवटचं गाणं ऐका, मग बोला

कुठल्या कार्ट्रिजचा आवाज चांगला, हा वाद घालताना बहुतेक जण एलपीचं पहिलंच गाणं लावतात. माझ्या मते तुलना तिथेच फसते. ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीत बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत दाटलेलं असतं. म्हणून ‘स’, ‘श’ तिथे फाटतात आणि सुईची खरी परीक्षा तिथेच होते.

ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिज तेच ठेवून नुसती सुई बदलता येते. गोल टोक बारीक वळणांत नीट शिरत नाही, मायक्रोलिनियर शिरतं. पहिल्या गाण्यात हा फरक कमी जाणवतो, शेवटच्या गाण्यात जास्त. ऐकताना आवाज मात्र सारखा ठेवा, कारण जरा मोठं वाजलं की कानाला तेच सरस वाटतं.

म्हणून खिशात पैसे मोजके असतील, तर कंपनीच्या नावापेक्षा सुईच्या टोकावर खर्च करा. आणि घरातल्या जुन्या ७८च्या तबकडीवर ही सुई टेकवू नका. तिची खाच रुंद असते, तिला साधारण चौपट जाड टोक लागतं. नव्या आवाजाच्या हौसेपायी ती खराब झाली, तर पुन्हा कुठून आणणार?