पोरांना नुसतं लिहायला बसवू नका



भात निसवायला लागलंय. महिना-दीड महिन्यात कापणी, झोडणी, मग दिवाळी, आणि दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर. त्याच्या आत एक गोष्ट आपसात बोलून घ्यायला हवी. गोष्ट पाड्यावरच्या पोरा-पोरींची आहे, आणि तिच्यात चूक जशी तुमची आहे तशी संघटनेचीही आहे.

शिमगा झाल्यावर एका पाड्यावर ग्रामसभा होती. पाड्याचं नाव घेत नाही, कारण असं कुठंही घडू शकतं. वनहक्काचे दावे, पाण्याची टाकी, रेशन, नेहमीचे विषय. लिहायला बारावी झालेली एक पोरगी बसवली होती. विषय संपत आले तसं एका कर्मचाऱ्यानं सह्या-अंगठ्यांचं पान फिरवायला सुरुवात केली. पोरगी म्हणाली, "वरची जागा कोरी आहे. तिथं काय लिहिणार ते आधी वाचून दाखवा, मग अंगठे घ्या." त्यावर आपलाच एक जाणता माणूस म्हणाला, "तुला लिहायला बसवलीय ना? मग लिही गुमान. मोठी माणसं बोलतात त्यात तू कशाला?" चार माणसं हसली. पोरगी खाली मान घालून बसली. अंगठे झाले.

संघटनेचे आम्ही दोघं तिथं बसलेलो होतो. आम्हीही काही बोललो नाही. उशीर झाला होता, शेवटची गाडी पकडायची होती. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

मे महिन्यात चार घरांच्या प्लॉटवर खड्डे खणायला माणसं आली. विचारलं तर कागद दाखवला. रोपवनाला या जागेची ग्रामसभेची हरकत नाही, असा ठराव. खाली आपलेच अंगठे. ज्या कोऱ्या जागेबद्दल पोरगी विचारत होती, तिथंच तो ठराव चढला होता. त्या चारही घरांचे दावे अजून निकालात निघालेले नाहीत. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून हलवता येत नाही, असं वनहक्क कायद्याच्या कलम ४ पोटकलम ५ मध्ये साफ लिहिलंय. पण कायदा पुस्तकात आणि खड्डे शेतात. पुन्हा ग्रामसभा घेतली, तो ठराव रद्द केला, तहसील कचेरीत आणि प्रांताकडे खेटे घातले. काम थांबलं. तरी दोन घरांची त्या वर्षीची नागली गेली, कारण राब केलेली जागाच खणली गेली होती. मजुरी बुडली ती वेगळी.

एका पोरीचं एक वाक्य ऐकलं असतं तर हे सगळं टळलं असतं.

आपल्या सभांमध्ये पोरं असतात, नसतात असं नाही. फॉर्म कोण भरतं? पोरं. मोजणीच्या वेळी यंत्र घेऊन बांधावरून कोण फिरतं? पोरं. इतिवृत्त कोण लिहितं, मोर्चाचे बोर्ड कोण रंगवतं, घोषणा कोण देतं? पोरंच. काय लिहायचं ते ठरवताना मात्र त्यांना मागं बसवतात. पोरींना तर मागंही नाही, चहा करायला. दाव्याच्या फॉर्ममध्ये घरातल्या बाकीच्या माणसांची नावं आणि वयं लिहायचा रकाना आहे. त्यात मुलग्यांची नावं येतात आणि मुलींची गळतात, हे आम्ही किती फॉर्मांत पाहिलं. विचारलं तर म्हणतात, "ती नांदायला जाईल." जाईल तेव्हा जाईल. आज ती त्या शेतात लावणी करते की नाही?

म्हाताऱ्या माणसांचंही म्हणणं आम्हाला समजतं. त्यांनी मार खाल्लाय, गार्डला कोंबडी दिलीय, दंड भरलाय, ठाण्याच्या जेलात दिवस काढलेत. पोरं जन्मली तेव्हा प्लॉटवर बांध होता, बांध घालायच्या आधीची झाडी त्यांनी बघितली नाही. "यांना काय ठावं" असं मनात येणारच. पण ज्यांच्या नावानं आपण अजून लढ्याच्या सभेत हात वर करतो त्यांची वयं काय होती, ते आठवा. बिरसा मुंडा १८७५ साली जन्मले आणि ९ जून १९०० रोजी रांचीच्या जेलात गेले. पंचवीस वर्षंही पुरी नव्हती. त्यांच्या उलगुलाननंतर आठ वर्षांनी, १९०८ साली, सरकारला छोटा नागपूरचा कुळकायदा करावा लागला. आज ते आपल्या सभेला आले असते तर आपण म्हटलं असतं, "बस रे मागं, रजिस्टर लिही."

लांब कशाला, आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलंच बघा. लग्नगडी म्हणजे कोण होता? लग्नाच्या वयाचा पोरगाच. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी राबायला बांधली जायची, आणि कर्ज फिटायचं नाव नाही. १९४५ साली किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारली उठले ते ही लग्नगडी आणि वेठ मोडायला. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी पडले. लग्नगडी मोडली, ती जिच्या मानेवर जू होतं त्या पिढीनं स्वतः उठून मोडली. आजच्या पोरांच्या मानेवरचं जू वेगळं आहे. भट्टीची उचल आहे, कंपनीतलं ठेकेदाराचं काम आहे, शिक्षण अर्धं सुटलेलं आहे, आणि प्लॉटच्या दाव्याचा निकाल नाही म्हणून त्या जमिनीवर ना विहीर ना कर्ज. ते कसं टोचतं हे त्यांनाच ठाऊक. आपण त्यांच्या वतीनं बोललो तर आपण आपलंच बोलणार.

आता कायदा काय म्हणतो ते. ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी सज्ञान माणसं. अठरा वर्षं पुरी झाली की माणूस सभासद झाला, मग तो बाप्या असो की बाई, लग्न झालेलं असो की नसो. लिहायला बसवलेली ती पोरगी सभासद होती. तिला बोलू दिलं तर कुणी मेहेरबानी केली असं होत नाही. वनहक्क समितीत १० ते १५ माणसं असतात, त्यातल्या एक तृतीयांश बाया पाहिजेत. आमचं म्हणणं, जिथं समितीतल्या जागा रिकाम्या झाल्यात तिथं पंचवीसच्या आतलं किमान एक पोर आणि एक पोरगी घ्या. कायद्यात असं लिहिलेलं नाही, पण मनाईही नाही.

दुसरी गोष्ट पुराव्याची. दाव्याला कमीत कमी दोन पुरावे लागतात. दंडाच्या पावत्या पुष्कळांच्या घरून भिजून, उंदरांनी खाऊन गेल्या. नियम १३ मध्ये वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब हाही पुरावा धरलाय. फक्त दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा पाहिजे. म्हणजे जमीन कुणी फोडली, बांध कधी घातला, जुना आंबा कुणी लावला हे म्हाताऱ्याच्या डोक्यात, आणि ते कागदावर उतरवायचं पोराच्या हातात. दोघं एकत्र बसल्याशिवाय हा पुरावा तयार होतच नाही. आणि म्हातारी माणसं थांबत नाहीत. गेल्या पावसाळ्यात गेलेल्यांचे जबाब आता कोण देणार?

तिसरी गोष्ट भट्टीची, आणि आमच्या मते सगळ्यात मोठी. दाव्यांचे ठराव करायच्या सभेला निम्मे सभासद हजर लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात, आणि निम्मे दावेदार किंवा त्यांची माणसं लागतात. २६ जानेवारीच्या सभेला पाड्यावर कोण असतं? म्हातारी, लहान पोरं आणि आजारी माणसं. जवान सगळे भिवंडी, वसई, कल्याणकडे भट्टीवर. मग एक तर कोरम भरत नाही, नाही तर खोटा भरतात. खोटा भरला की पुढचे खड्डे आलेच.

असंच एका घरी झालं. उपविभागीय समितीनं दावा फेटाळल्याचं पत्र महाशिवरात्रीच्या सुमाराला आलं. घरात म्हातारी एकटी. तिनं ते जपून वाशाला खोचून ठेवलं. मुलगा-सून पावसाच्या तोंडावर परत आले तेव्हा पत्र काढलं. जिल्हा समितीकडे दाद मागायची मुदत ६० दिवसांची, ती कधीच उलटून गेली होती. शेजारच्याच घरात दहावीतला नातू सुट्टीला आलेला होता. त्याला दाखवलं असतं तर त्यानं वाचलं असतं. पण पोराला कागद दाखवायचा असतो हे म्हातारीच्या मनातच आलं नाही, आणि कुणाच्या घरी पत्र आलंय का असं विचारत फिरावं हे पोराच्या मनात आलं नाही. आता उशिराचं कारण लिहून अर्ज केलाय, बघू.

पोरांनाही दोन शब्द. "मला कुठं शेती करायचीय, मी कंपनीत जाणार" असं तुम्ही म्हणता. जा की. पण ठेकेदारानं बसवलं की पहिल्या एस.टी.नं तुम्ही कुठं येता? त्याच प्लॉटवर. निवडणुकीत कुणाच्या तरी गाडीला झेंडा लावून महिनाभर फिरायला वेळ मिळतो, आणि आजोबांजवळ बसून हद्दीच्या खुणा विचारायला मिळत नाही, हे बरोबर नाही. आणि शिकलेलं पोर सभेत अवघड शब्द वापरून म्हाताऱ्यांना गप्प करतं, तेही आम्ही बघितलंय. त्या कर्मचाऱ्यात आणि अशा पोरात मग फरक काय राहिला?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव तुम्ही ऐकलंय. २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तकही ग्रामसभेच्या हातात आलं. तिथली एक रीत घेण्यासारखी आहे. निर्णय ग्रामसभेत, तोही सगळ्यांच्या सहमतीनं. पण त्याआधी विषय समजून घ्यायला वेगळा अभ्यास गट बसतो. तिथं नुसतं विचारायचं, वाचायचं, पुन्हा विचारायचं. ठराव नाही, अंगठा नाही. त्यामुळं सभेत बसणाऱ्याला आपण कशाला हो म्हणतोय ते माहीत असतं. आपल्याकडे असा गट आठवड्यातून एका रात्री, जेवणं झाल्यावर, कुणाच्याही ओट्यावर बसू शकतो. दोन म्हातारी माणसं, आणि जी येतील ती पोरं. पहिलं काम जबाब लिहायचं. दुसरं, पाड्यावर आलेली सरकारी पत्रं एका वहीत तारखेसह टिपायचं.

तर या वर्षी असं करू. दाव्यांची ग्रामसभा दिवाळीच्या आत, पोरं पाड्यावर असताना घेऊ. रजिस्टर जो लिहील तोच शेवटी मोठ्यानं वाचून दाखवेल, आणि वाचून झाल्याशिवाय एकही अंगठा उठणार नाही. कुणी कितीही घाई केली तरी, गाडी चुकली तरी. भट्टीवर जाणाऱ्यांनी आपलं पत्र कोण उघडणार आणि कोण वाचणार, त्या माणसाचं नाव वहीत लिहून जावं.

त्या पोरीला आम्ही भेटलो. माफी मागितली. ती म्हणाली, "माझ्याकडं नका मागू, त्या चार घरांकडं मागा." तिकडेही गेलो. परवाच्या सभेत तिनं इतिवृत्त वाचलं. मधे तिला कुणी थांबवलं नाही. एका ठिकाणी तिनंच थांबून विचारलं की हा आकडा गुंठ्यांत आहे का एकरात, आणि तो खरंच चुकलेला निघाला.

प्रत्येक पाड्यानं सभेची तारीख ठरवून तालुक्याच्या बैठकीत कळवावी. कळवायला एक म्हातारं माणूस आणि एक पोर किंवा पोरगी असे दोघं मिळून या. दोघांचं एस.टी. भाडं वर्गणीतून देऊ. जबाब लिहायचे कोरे कागद आणि कार्बन बैठकीतच मिळतील.