मोबाईलवरची गोष्ट आणि पोरांची भाषा

पोरगं दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतं, ही तक्रार कुठल्याही गावच्या पारावर ऐकायला मिळते. ती खोटी नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. त्याच पाहणीत देशातल्या सरकारी शाळांतील तिसरीच्या शंभर मुलांपैकी जेमतेम २३ जणांना दुसरीचा धडा वाचता आला.

यंत्र घरात आलंच आहे, तर मुलांनी त्यावर स्वतःची गोष्ट का सांगू नये? याला डिजिटल गोष्ट म्हणतात. नाव मोठे, काम साधे. आजीला विचारायचं, मोट कशी चालायची, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला घरातलं कोण गेलं होतं. ते दहा-बारा ओळींत लिहायचं, चार फोटो किंवा चित्रं जोडायची आणि आपल्या आवाजात दोन मिनिटं सांगायचं. मूल स्वतःचा आवाज परत ऐकतं, तेव्हा कुठे अडखळलो ते त्याला न सांगता कळतं. मग ते वाक्य मोडतं, शब्द बदलतं, पुन्हा बोलतं. निबंधाच्या वहीतल्या लाल शाईने हे होत नाही.

शेती विस्ताराच्या कामात हा अनुभव जुना आहे. २००६ साली बंगळुरात मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात 'डिजिटल ग्रीन' सुरू झाले. शेतकऱ्यांनीच आपल्या बोलीत सांगितलेल्या चित्रफिती गावात दाखवायच्या, मध्येच थांबवून चर्चा करायची. अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा शेजारच्या गावचा माणूस बोलला की लोक कान देतात. (आम्हा अधिकाऱ्यांना हे पचायला जड जातं, तो भाग वेगळा!)

खरी अडचण बोलीची आहे. 'व्हतं', 'नगं' म्हणणाऱ्या पोराला वर्ग हसला, की ते पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून सांगताना बोली राहू द्या, लिहिताना प्रमाण मराठी शेजारी येऊ द्या. तिफण, चाडं, इर्जिक हे शब्द मुलांच्या तोंडी राहायचे असतील, तर ते आजीकडूनच यायला हवेत.

दिवसा फोन बापाच्या खिशात रानात असतो, हे मान्य. पण पाच मुलांच्या गटाला एक फोन पुरतो, आणि रेकॉर्डिंगला नेट लागत नाही. नमुन्यासाठी प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर'वर मराठी चित्रगोष्टी मोफत आहेत. मात्र मुलाचा चेहरा किंवा नाव गावच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्याच्या आईबापाला विचारा.