छप्पर उडालं, नमाज कुठे? सुटी करता येणारी मशीद हवी

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूडची छपरं उडवली. पंचनामे घरांचे, नारळी-पोफळीच्या बागांचे झाले. पुढचा पावसाळा जमातीने जुम्मा कुठे पढायचा, हाही मदतीचाच प्रश्न आहे.

कोबेच्या 1995 च्या भूकंपानंतर शिगेरू बान यांनी कागदी नळ्यांचं चर्च बांधलं. तेच 2008 मध्ये तैवानात पुन्हा उभं राहिलं! मग कोकणात बोल्टने जोडलेली बांबूची मशीद का नको? वजूला पागोळ्यांचं पाणी, किब्ला पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे. एवढं सोपं आहे. अवघड आहे वारा. न्यायला हलकं ते उडायलाही हलकं. म्हणून पैसा घुमटावर नको, पायाच्या पकडीवर घाला. आणि वादळाचा इशारा आला की चार जणांना छत तासाभरात उतरवता यायला हवं.