स्वल्पविरामाआड लपलेले कारण

१/ इंग्रजीत शोधनिबंध लिहिताना आपल्यापैकी अनेकांकडून घडणाऱ्या एका दोषाविषयी हा धागा. त्याचे नाव ‘कॉमा स्प्लाइस’ : दोन स्वतंत्र वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडणे. ही व्याकरणातील किरकोळ चूक समजली जाते. इतिहासलेखनात मात्र ती किरकोळ नाही, असे माझे मत आहे.

२/ उदाहरण वर्ध्याचेच घेऊ. ‘द क्रिप्स मिशन फेल्ड, द वर्किंग कमिटी मेट ॲट वर्धा.’ साल १९४२. क्रिप्स यांची बोलणी एप्रिलमध्ये फिसकटली. १४ जुलै रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात ठराव संमत केला : ब्रिटिश सत्ता भारतातून संपुष्टात यावी. दोन्ही घटना खऱ्या, तरीही इंग्रजी वाक्य सदोष.

३/ दोष ओळखावा कसा? स्वल्पविरामावर बोट ठेवा. आधी डावीकडील भाग वाचा, मग उजवीकडील. दोन्ही भाग पूर्ण वाक्य म्हणून स्वतंत्रपणे उभे राहत असतील आणि मध्ये ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ यांसारखे अव्यय नसेल, तर तो कॉमा स्प्लाइस. ‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ विशेष फसवतात. ती क्रियाविशेषणे आहेत. स्वल्पविरामाच्या जोडीने दोन वाक्ये सांधण्याचे बळ त्यांच्यात नाही.

४/ आपल्या हातून हे सहज का घडते? एक कारण असे की मराठीत ही चूकच नाही. ‘बोलणी फिसकटली, बैठक भरली, ठराव झाला’ हे निर्दोष मराठी आहे. आपले क्रियापद बहुधा शेवटी येते आणि वाक्य संपल्याचे कानाला कळते. इंग्रजीत क्रियापद मध्येच येते. शेवट चिन्हाने दाखवावा लागतो.

५/ मोडी पत्रे आठवा. आधी शिरोरेषा, मग तिच्याखाली शब्दांत अंतर न सोडता सलग अक्षरे. ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. तरीही पेशवाईचा अवघा पत्रव्यवहार त्यावर चालला. वाचणारा क्रियापदापाशी थांबे आणि ‘बहुत काय लिहिणे’ आले की पत्र संपत आल्याचे जाणे.

६/ आजची विरामचिन्हे मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या संपर्कातून. त्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. चिन्हे आपण स्वीकारली, वाक्याची लय मात्र आपलीच राहिली. चिन्ह एक, नियम दोन. म्हणून या दोषाला अडाणीपणा म्हणून हिणवणे मला मान्य नाही.

७/ पण तो चालवून घेणेही मान्य नाही. दुरुस्तीचे चार मार्ग आहेत : पूर्णविराम, अर्धविराम, स्वल्पविरामासोबत ‘अँड’ किंवा ‘सो’, अथवा ‘आफ्टर’ वा ‘बिकॉज’ वापरून एक वाक्य दुसऱ्याच्या अधीन करणे. पहिल्या दोहोंनी व्याकरण सुधारते. ‘सो’, ‘आफ्टर’, ‘बिकॉज’ यांपैकी एक निवडताना मात्र इतिहासाचा विचार करावा लागतो.

८/ ‘आफ्टर’ लिहिले, तर आपण फक्त कालक्रम सांगतो. ‘बिकॉज’ लिहिले, तर कार्यकारणाचा दावा करतो आणि पुराव्याची जबाबदारी अंगावर घेतो. क्रिप्स प्रस्तावांचे अपयश ठरावातच नमूद आहे, हा पुरावा झाला. पण मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडले होते. मग क्रिप्स हेच एकमेव कारण कसे? स्वल्पविराम हा प्रश्न आपल्याला विचारूच देत नाही.

९/ म्हणून कॉमा स्प्लाइस सापडला की घाईने पूर्णविराम ठोकू नका. या दोन घटनांचे नाते काय, हे आधी स्वतःला विचारा. उत्तर ठाऊक नसेल, तर चिन्ह बदलण्याआधी पुन्हा साधनांकडे वळा. आणि हे मराठीत लिहितानाही करा. तिथे तो स्वल्पविराम व्याकरणाला चालतो. इतिहासाला चालेलच असे नाही.