केळीचे खोड आणि तांब्याचा अणू

अर्धापुरी केळीचा घड उतरला की खोड बांधावर फेकावयाचे अथवा वाळवून जाळावयाचे, हा प्रघात आम्हांस पसंत नाही. त्या खोडात सेल्युलोज असते. साखरेच्याच कणांची ती घट्ट साखळी. नेहमीच्या विकरांना ती सहज दाद देत नाही, परंतु बुरशीपाशी एक निराळे विकर असते. असल्या विकराची करामत २०१० साली नॉर्वेत प्रथम कायटिनवर उघड झाली, आणि २०११ मध्ये त्यातील धातू तांबे असल्याचे ठरले. (तांबे म्हणजे घागर, एवढेच जाणणाऱ्यांस नवल वाटेल!) विकराच्या सपाट पृष्ठावर तांब्याचा एकच अणू दोन हिस्टिडिनांच्या चिमट्यात बसलेला असतो. विद्युत्कण मिळताच तो प्राणवायूस धरतो व त्याच्या बळावर साखळीचा दुवा मोडतो. मोकळ्या झालेल्या टोकांवर मग इतर विकरे तुटून पडतात.

म्हणूनच खोडांचे तुकडे करून, शेण मिसळून, ओलसर पण मोकळा ढीग रचावा व तो वरखाली करीत जावा. दाबून भरलेल्या खड्ड्यात प्राणवायू कोठून पोहोचणार? रोगट खोडांची गोष्ट निराळी. पालक म्हणतील, इतका वेळ कोणास आहे? परंतु जाळल्यावर हाती राख तेवढी उरते. जमिनीस हवा असलेला सेंद्रिय अंश धुरावाटे जातो. यंदा घड उतरल्यावर एक तरी ढीग मुलांच्या हवाली करून पाहावा.