पहिल्या वीस आठवड्यांचे गणित

गरोदरपणाचा हिशेब आपल्याकडे पूर्वापार महिन्यांत होत आला आहे. तिसऱ्या महिन्यात चोरओटी, सातव्यात डोहाळजेवण, मग माहेरची वाट, अशी ती कालगणना होती. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक वा नागपूर येथील आजच्या दांपत्याच्या हाती पहिल्याच भेटीत जी फाइल येते, तिच्यात मात्र महिने नसतात, आठवडे असतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात गर्भाच्या हृदयाचे ठोके पाहायचे, अकराव्यानंतर एक सोनोग्राफी, अठराव्यानंतर दुसरी. महिन्यांच्या हिशेबात घरच्यांनी वाट पाहायची असे. आठवड्यांच्या हिशेबात दोघांनी निर्णय घ्यायचे असतात आणि त्यातील बहुतेक निर्णयांना मुदत असते.

प्रसूतिपूर्व वैद्यकशास्त्राने गेल्या तीन दशकांत केलेली प्रगती थक्क करणारी आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या प्रगतीचा अर्थ ज्यांच्यासाठी ती झाली त्यांना कोण समजावून सांगतो, हा. तपासण्यांची यादी लांबत गेली, त्या प्रमाणात तपासणी खोलीतील संवाद वाढला नाही. परिणामी सुशिक्षित, कमावती जोडपीदेखील गरोदरपणाच्या पहिल्या वीस आठवड्यांतून चाचपडत जातात आणि कित्येकदा हातची वेळ निघून गेल्यावर त्यांना तिचे मोल कळते.

प्रारंभच पाहा. केमिस्टकडून आणलेल्या पट्टीवर दोन रेघा उमटतात, तेव्हा ‘आता कुठे सुरुवात आहे’ अशी समजूत असते. पण डॉक्टर गरोदरपण मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकल्याचे लक्षात येते, तेव्हा या मोजणीने चार आठवडे उलटलेले असतात. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतो ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठावीस दिवसांत, म्हणजे डॉक्टरी हिशेबाने सहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटते. ती नीट मिटावी म्हणून फॉलिक अ‍ॅसिड आवश्यक असते. ज्या मातांच्या आधीच्या बाळात हा दोष होता, त्यांच्या पुढील गरोदरपणात तो पुन्हा होण्याचा धोका या साध्या गोळीने सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, असे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने १९९१ मध्ये दाखवून दिले. म्हणूनच ही गोळी गर्भधारणेपूर्वी सुरू करावी, असे सांगितले जाते. परंतु डॉक्टरांची पहिली भेट सातव्या-आठव्या आठवड्यात झाली, तर लिहून दिलेल्या गोळीने साधायचे ते मुख्य काम होण्याची वेळ निघून गेलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसूतिपूर्व भेटींची किमान संख्या चारवरून आठवर नेली आणि पहिली भेट बारा आठवड्यांच्या आत व्हावी, असे सुचवले. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ७० टक्के मातांची पहिली तपासणी पहिल्या तीन महिन्यांत झाली होती. किमान चार तपासण्या झालेल्यांचे प्रमाण मात्र ५८.१ टक्केच होते. शहरांपुरते पाहिले तरी ते ६८ टक्क्यांच्या आसपास भरते. दवाखाने जवळ असणे आणि तपासण्या वेळेवर होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढा बोध या आकड्यांतून घेता येतो.

पहिल्या भेटीत रक्ताच्या अनेक तपासण्या होतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, कावीळ ‘बी’, गुप्तरोग, बहुधा थायरॉइडही. देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी असल्याचे याच सर्वेक्षणात आढळले असल्याने यातील एकही तपासणी अनाठायी म्हणता येणार नाही. पण या सगळ्यात एका व्यक्तीचे रक्त सहसा घेतले जात नाही. ती व्यक्ती म्हणजे बाहेरच्या बाकावर फाइल सांभाळत बसलेला पती.

थॅलेसेमियाचे उदाहरण घेऊ. या आजाराची वाहक असलेली व्यक्ती स्वतः ठणठणीत असते. तिला आपण वाहक असल्याचा पत्ताही नसतो. मात्र पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला तीव्र आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाला काही आठवड्यांच्या अंतराने आयुष्यभर रक्त चढवावे लागते. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आहे आणि उल्हासनगरपासून मुंबईपर्यंतच्या पट्ट्यात हे समाज मोठ्या संख्येने राहतात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेलचे गणित असेच आहे, आणि तेथील कुटुंबे आज पुण्या-मुंबईत स्थिरावली आहेत. पत्नी वाहक निघाली, तर त्याच दिवशी पतीची तपासणी व्हायला हवी. प्रत्यक्षात तिचा अहवाल आठवड्याने येतो, पुढच्या भेटीत तो पाहिला जातो, मग पतीला बोलावले जाते, त्याच्या अहवालाला आणखी आठवडा. वारेच्या पेशी तपासून गर्भाचे निदान करता येते ते साधारण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात. तो काळ या हेलपाट्यांत संपून जातो. दोघांचे रक्त एकाच दिवशी तपासले, किंबहुना लग्न ठरतानाच तपासले, तर हे सारे टळते. पत्रिका जुळवण्याच्या आपल्या उत्साहाचा एक अंशही त्याला पुरेल.

यानंतरचा टप्पा अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातील ‘एनटी स्कॅन’ आणि त्यासोबतच्या ‘डबल मार्कर’ या रक्तचाचणीचा. गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी आणि आईच्या रक्तातील दोन घटक यांवरून डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषाची शक्यता वर्तवली जाते. येथे ‘शक्यता’ हा शब्द कळीचा आहे. ही चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे. या पद्धतीत सुमारे पाच टक्के स्त्रियांचा अहवाल विनाकारण ‘जोखीम अधिक’ असा येतो, हे गृहीतच धरलेले असते. म्हणजे हजार गर्भवतींमागे पन्नासच्या आसपास घरांत हा अहवाल पोहोचतो. डाऊन सिंड्रोम मात्र साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एका बाळात आढळतो. आईच्या वयानुसार हे प्रमाण बदलते, पण तरुण मातांपुरते बोलायचे तर त्या पन्नास जणींपैकी बहुसंख्य जणींची बाळे या दोषापासून मुक्त असतात.

हे गणित कोणी सांगितलेच नाही, तर काय होते? तांबड्या अक्षरांतील आकडा संध्याकाळी मोबाइलवर येतो. डॉक्टरांची वेळ परवाची असते. मधल्या दोन रात्री ते दोघे इंटरनेटवर काय काय वाचतात आणि घरातील वडीलधारे काय काय सुचवतात, याची कल्पना करणे अवघड नाही. आईच्या रक्तातील गर्भाचा डीएनए तपासणारी ‘एनआयपीटी’ ही चाचणी अधिक अचूक आहे. आईच्या रक्तात असा डीएनए आढळतो, हे डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवले आणि २०११ पासून ही चाचणी बाजारात आली. पण तीही चाळणीच. पक्के निदान हवे, तर वारेच्या पेशींची तपासणी अथवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल परीक्षण हेच मार्ग उरतात. गर्भजल परीक्षणात गर्भपाताचा धोका एक टक्क्याहून कमी असतो. तथापि चाचणी करण्यापूर्वी ‘अहवाल वाईट आला तर आपण काय करणार?’ हा प्रश्न दोघांनी एकमेकांना विचारायला हवा. तो विचारायला लावणारे माणूस व्यवस्थेत नाही.

सोनोग्राफीच्या खोलीतील शांततेला आपल्याकडे आणखी एक इतिहास आहे. गर्भजल परीक्षणाचा उपयोग मुलींचे गर्भ वेचून काढण्यासाठी होऊ लागला, तेव्हा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. एवढे होऊनही राज्यातील सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण हजार मुलांमागे २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरले. तेव्हा कायद्याची आवश्यकता वादातीत आहे. मात्र त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा, की अर्ज ‘एफ’ भरून घेणारी खोली पुढे फारसे बोलत नाही. एखादा शब्द भलताच समजला जाईल, या धास्तीने पडदा वळवलेला राहतो आणि पती बाहेर. कायद्याने बंदी आहे ती लिंग सांगण्यास. हृदयाचे चार कप्पे नीट दिसले, कणा व्यवस्थित आहे, वाढ योग्य आहे, हे सांगण्यास कोणताही कायदा आड येत नाही. त्या शांततेतून जोडपे भलतेच अर्थ काढत बसते.

शेवटची मुदत कायद्याचीच. १९७१ च्या गर्भपात कायद्याने वीस आठवड्यांची सीमा घातली होती. २००८ मध्ये मुंबईतील एका दांपत्याने गर्भाच्या हृदयातील गंभीर दोष ही मर्यादा उलटल्यावर कळल्याने उच्च न्यायालयात धाव घेतली. परवानगी नाकारली गेली. त्या खटल्याने सुरू झालेली चर्चा पुढे तेरा वर्षे रेंगाळली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक कारणांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल, तर वैद्यकीय मंडळाचे मत लागते. ही मोठीच सुधारणा आहे. परंतु व्यंग शोधणारी सविस्तर सोनोग्राफी अठराव्या ते विसाव्या आठवड्यात होते. ती बाविसाव्यापर्यंत लांबली, गर्भजलाच्या अहवालासाठी आणखी दोन-तीन आठवडे गेले, तर चोविसावा आठवडा मागे पडलेला असतो. आणि हेही स्पष्ट असावे, की निर्णय दोघांनी चर्चेने घ्यावा हे इष्ट असले, तरी सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायदा केवळ तिचीच संमती मागतो, पतीची वा सासूची नाही.

या साऱ्यात ज्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते, ते म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपात. कळलेल्या गर्भधारणांपैकी साधारण दहा ते वीस टक्के आपोआप संपतात आणि सुरुवातीच्या अशा गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तिने जिना चढला, लोकलने प्रवास केला, पपई खाल्ली, ही कारणे आपण शोधतो ती दोष तिच्या माथी मारण्यासाठी. ‘तीन महिने कोणाला सांगायचे नाही’ या प्रथेमागे काळजी होती. पण जे सांगितलेच नाही त्याचे दुःखही मग सांगता येत नाही. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती, ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. किती नोकरदार स्त्रिया ती मागतात? पतीसाठी तर खासगी क्षेत्रात पितृत्व रजेची कायदेशीर तरतूदच नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पंधरा दिवस मिळतात, इतकेच.

यावर उपाय खर्चिक नाहीत. पहिल्याच भेटीत आठवडेनिहाय वेळापत्रक मराठीत हाती द्यावे. वाहक तपासणी दोघांची एकत्र व्हावी. चाळणी चाचणीच्या आधी दहा मिनिटे आणि अहवाल आल्यावर वीस मिनिटे बोलणारा प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि अहवाल त्याच्यामार्फतच दिला जावा. खासगी रुग्णालयांच्या ‘पॅकेज’मध्ये खोलीचा दर्जा असतो, तसे हे समुपदेशनही असायला हवे. सार्वजनिक व्यवस्थेत २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’त मोफत तपासणी होते. माता-बाल संरक्षण कार्डही आहे. त्या रांगेत पतीला जागा आणि त्या कार्डावर आठवड्यांच्या मुदती ठळक केल्या, तर नव्या योजनेची गरज भासणार नाही.

पूर्वी हे समजावण्याचे काम घरातील आजी, मावशी, थोरल्या जाऊबाई आपापल्या परीने करीत. त्यांच्या सांगण्यात चुका होत्या, पण सोबत होती. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या, दोघेही कामाला जाणाऱ्या आजच्या जोडप्याला ती सोबत उरलेली नाही, आणि तिची जागा लॅबच्या अहवालाने भरून निघणारी नाही. ती भरण्याची जबाबदारी आता तपासणारांवर आहे. वीस आठवडे म्हणजे अवघे एकशे चाळीस दिवस. त्यातील प्रत्येक हुकलेल्या संभाषणाची किंमत एखाद्या घराला आयुष्यभर मोजावी लागू शकते.