कुत्र्याचे प्रगतिपुस्तक

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्याने केली त्याने शेपटाकडे पाहिले, कुत्र्याकडे पाहिले नाही. शेपूट वाकडे ठेवूनही कुत्रा सरळ चालायला शिकतो. तो शिकतो की नाही हा वादच नाही. किती शिकला हे ठरवायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरावर एका मुक्या जिवाचे पुढले आयुष्य अवलंबून असते, म्हणून रविवारची थोडी सकाळ त्यावर खर्च करायला हरकत नसावी.

आमच्या मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी पूर्वी कुत्रा गल्लीचा असे. शिळी भाकरी कोणीही टाकावी, ‘यू यू’ म्हणून कोणीही बोलवावे. शेजारच्या कारंज्याला दत्तगुरूंचे मोठे स्थान; तेव्हा दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री घरोघरच्या तसबिरीत होतीच. आता त्याच गल्ल्यांत लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड आले आहेत. पैसे मोजून आणलेला कुत्रा म्हटल्यावर त्याच्याकडून अपेक्षाही मोजूनच केल्या जातात. ओळखीतला एक तरुण दुकानदार मला म्हणाला, “काका, सहा महिने झाले, अजून हाक मारली तर येत नाही. बिनकामाचाच निघाला.” हा ‘बिनकामाचा’ शेरा भयंकर आहे. शेरा मारला गेला की कुत्रा दिवसभर साखळीला जातो, आणि एखाद्या दिवशी शेताच्या वाटेवर नाही तर हमरस्त्याच्या कडेला सोडून दिला जातो. वास्तविक १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, सदैव बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणे आणि सबळ कारणाशिवाय प्राणी टाकून देणे, दोन्ही गुन्हे आहेत. पण कायदा सोडा. ज्या परीक्षेत तो नापास झाला ती परीक्षा तरी नीट घेतली होती काय?

जगात अशा परीक्षा रीतसर घेतल्या जातात. १९३३ साली अमेरिकेत हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी न्यूयॉर्कजवळच्या माउंट किस्को येथे कुत्र्यांच्या आज्ञापालनाची पहिली स्पर्धा भरवली. त्यांची कुत्री पूडल जातीची. ही कुत्री नुसती शोभेची, अशी लोकांची समजूत. ती खोडून काढायची म्हणून हा खटाटोप. स्पर्धेला कुत्री आली आठ. १९३६ मध्ये तिथल्या केनेल क्लबने या चाचण्यांना अधिकृत मान्यता दिली आणि पुढे त्या जगभर पसरल्या. आपल्याकडेही केनेल क्लब ऑफ इंडियाच्या छत्राखाली आज्ञापालनाच्या चाचण्या होतात.

अमेरिकेतल्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत एकूण गुण २००. पट्ट्यासह आणि पट्ट्याविना मालकाच्या डाव्या पायाशी लागून चालायचे, परक्या परीक्षकाने अंगाला हात लावला तरी हलायचे नाही, दूर बसवून हाक मारली की सरळ समोर येऊन बसायचे. शिवाय अनेक वर्षे इतर कुत्र्यांच्या रांगेत एक मिनिट बसून आणि तीन मिनिटे पडून राहण्याची कसोटीही होती. उत्तीर्ण व्हायला १७० गुण लागतात. पण त्याचबरोबर प्रत्येक प्रकारात निम्म्याहून अधिक गुण मिळवावे लागतात. चालण्यात पैकीच्या पैकी आणि हाकेला शून्य, असा कुत्रा नापास. बरे, एकदा उत्तीर्ण होऊनही भागत नाही. तीन वेळा, वेगवेगळ्या परीक्षकांसमोर उत्तीर्ण व्हावे तेव्हा कुठे किताब मिळतो. आणि मैदानात शिरताना मालकाच्या खिशात खाऊ असता कामा नये.

माझी उमेदीची सगळी वर्षे बँकेत गेली. तिथे दरसाल हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहावे लागत. त्या अहवालांची रीत अशी, की एक ठळक गुण दिसला की त्याच्या उजेडात बाकीचे रकाने आपोआप भरले जात. साहेबांना अदबीने नमस्कार करणारा कारकून खतावणीतही ‘उत्तम’ ठरे. कुत्र्याच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो. पाहुण्यांशी ‘शेकहँड’ करतो म्हणून तो हुशार, आणि दाराबाहेर पळाला म्हणून मठ्ठ. या परीक्षेचा निम्म्या गुणांचा नियम मला म्हणूनच शहाणपणाचा वाटतो. प्रगती सर्वांत चांगल्या विषयावरून मोजायची नसते, सर्वांत कच्च्या विषयावरून मोजायची असते. शेकहँड न करणाऱ्या कुत्र्याचे काही बिघडत नाही. हाकेला न थांबणारा कुत्रा ट्रकखाली जातो.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. गुण कुत्र्याला मिळतात असे आपण समजतो, पण मैदानात उतरते ती जोडी. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणिते सोडवण्याबद्दल गाजला. बेरीज सांगितली की तो तेवढे टाप आपटून थांबे. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने १९०७ मध्ये त्याचे रहस्य उलगडले. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्सचे गणित चुके. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, आणि तेवढे घोडा बरोबर टिपत असे. घोडा ढोंगी नव्हता, मालकही लबाड नव्हता. फक्त परीक्षा घोड्याची होते आहे हा समज चुकीचा होता.

अलीकडचे उदाहरण कुत्र्यांचेच आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात वासावरून शोध घेणारी १८ कुत्री आणि त्यांचे हस्तक यांना एका इमारतीत शोध घ्यायला लावले. काही जागी वास पेरला आहे, असा हस्तकांचा समज करून दिला होता. प्रत्यक्षात कुठेही काही ठेवलेले नव्हते. तरीही १४४ शोधांपैकी फक्त २१ शोधांत ‘इथे काही नाही’ हे बरोबर उत्तर आले. बाकी ठिकाणी ‘कुत्र्याने खूण केली’ असे हस्तकांनी सांगितले. हातातला पट्टा दोन्ही टोकांनी बोलत असतो, तो असा.

आपल्या महाराष्ट्राला कुत्र्याच्या शिक्षणाची थोरवी वेगळी सांगायला नको. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’ने हजारो किलो आरडीएक्स हुंगून काढले. २००० साली तो गेला तेव्हा मुंबईने त्याला फुले वाहिली. पुण्यात तयार झालेले हे लॅब्रॅडॉर कुत्रे किती माणसांचे प्राण वाचवून गेले याचा हिशेब कोण मांडणार? पण ज्या वाटेवर असा कुत्रा काहीही न सापडता शांतपणे पुढे जातो, त्या वाटेवरूनही माणसे त्याच्याच भरवशावर चालतात. उगाच न भुंकणे हीसुद्धा विद्याच आहे. दुसरीकडे, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याला फारसे वजन दिले नाही. कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याच्या वतीने बोलतो तो माणूस, हा त्यातला एक मुद्दा. न्यायालयाने माणसाच्या स्वातंत्र्यासाठी जी सावधगिरी दाखवली, तीच आपण कुत्र्याचा निकाल लावताना दाखवायला नको का? तिथेही त्याच्या वतीने बोलणारे आपणच असतो.

मग घरच्या घरी काय करावे? स्पर्धेला जाणार नसलात तरी स्पर्धेची शिस्त उसनी घ्यावी. शंभर पानी वही करावी. एका वेळी एकच आज्ञा. ‘थांब’ शिकवायचे तर तीन रकाने: किती वेळ, किती अंतरावरून, आणि कुठे. तिन्ही गोष्टी एकदम वाढवू नयेत. अंगणात दोन मिनिटे बसणारा कुत्रा बसस्टँडसमोर दोन सेकंदही बसणार नाही. तो विसरलेला नसतो, त्याच्या दृष्टीने तो धडाच नवा असतो. तिथे पुन्हा पहिलीपासून सुरुवात. किती वेळा सांगावे लागले हेही लिहावे. तिसऱ्यांदा ओरडल्यावर आलेला कुत्रा ‘आला’ म्हणून नोंदवला तर तो शिकतो एवढेच, की पहिल्या दोन हाका ऐकायच्या नसतात. खाऊ हातात दाखवून आला की आधीच बक्षिसाची आशा न दाखवता आला, तेही लिहावे. आठवड्यातून एकदा घरातल्या दुसऱ्या कोणाला आज्ञा द्यायला सांगावे. वहिनींचे ऐकतो आणि दादांचे ऐकत नाही, तर कच्चे कोण ते वहीच सांगेल.

हवेचीही नोंद ठेवावी. वऱ्हाडातल्या मे महिन्यात सकाळी नऊनंतर माणसाचे डोके चालत नाही, तिथे केसाळ कुत्र्याकडून काय अपेक्षा करणार? त्या दिवसाचे गुण उन्हाला द्यावेत. वयात येणारा कुत्रा मध्येच मागे पडतो. दहावीतल्या मुलासारखा काही दिवस ऐकूनच घेत नाही. एका वाईट दिवसावरून निकाल लावू नये. चार-सहा आठवड्यांची पाने उलटून पाहावीत. आणि तुलना करायचीच तर शेजारच्या शेफर्डशी नव्हे, त्याच कुत्र्याच्या मागच्या महिन्यातल्या पानाशी करावी.

यावर कोणी म्हणेल, कुत्र्यासाठी एवढी उठाठेव कोण करतो? ज्याला वेळ नाही त्याने कुत्रा आणू नये, हे त्याचे सरळ उत्तर. आणलाच असेल तर त्याला बिनकामाचा ठरवण्याआधी वही दाखवावी. वही नसेल तर शेरा मारण्याचा अधिकारही नाही. बँकेत कर्जदाराचे खाते बुडीत ठरवायचे तर नोंदी लागत. केवळ साहेबांची मर्जी गेली म्हणून कोणाचे खाते बंद होत नसे. रस्त्याच्या कडेला सोडलेला कुत्रा कितीतरी वेळ गेलेल्या गाडीच्या दिशेने पाहत उभा असतो. थांब म्हटल्यावर थांबायचे, एवढा धडा निदान त्याने पक्का केलेला असतो.